तरुण कुत्रीला ॲजिलिटीच्या स्पर्धेत कधी उतरवावं?

सायली_म

नमस्कार मंडळी. आमची भिंगरी आता सव्वा वर्षाची झाली. मिश्र जातीची, मध्यम चणीची, खांद्याशी उंची 43 सेंमीच्या आसपास. पिल्लू होती तेव्हापासून आम्ही ॲजिलिटीच्या (मालकाच्या खुणांवर कुत्र्याने अडथळे पार करायचा खेळ) वर्गाला जातो. वर्गाच्या मैदानावर ती टनेल (बोगदा), कमी उंचीच्या जंप आणि डॉग वॉक (अरुंद फळीचा उंच पूल) अगदी आनंदाने करते. वीव्ह पोल (ओळीत उभ्या काठ्यांमधून नागमोडी जाणं) सहा काठ्यांचे करते, पण कडेला जाळी असेल तरच भरवशाने.

वर्गातले बरेच जण येत्या हंगामात स्पर्धेला नाव देतायत. मलाही आग्रह चाललाय, रिंगमध्ये (स्पर्धेच्या मैदानात) उतरल्याशिवाय कुत्रा शिकत नाही म्हणून. पण मध्यंतरी एका अनोळखी मैदानावर सराव ठेवला होता. तिथे हिने दोन जंप केल्या आणि मग नाक जमिनीला लावून हुंगतच राहिली. मी हाक मारली तर सुसाट गोल गोल पळत सुटली. बघणाऱ्यांना गंमत वाटली, मला मात्र ती खूश दिसली नाही.

तर विचारायचं होतं की वयाने आणि शरीराने ती तयार आहे का? आणि ते हुंगणं, पळणं म्हणजे नेमकं काय? पहिल्या स्पर्धेत मी काय करावं आणि काय करू नये, हेही सांगा. अनुभवी लोकांनी मोकळेपणाने लिहा.

डोंगरवाट

सायलीताई, आधी वयाचं बघू, कारण त्याचं उत्तर बरंचसं नियमातच आहे. एफसीआयच्या (केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि ब्रिटनच्या केनेल क्लबच्या स्पर्धांत कुत्रा 18 महिन्यांचा झाल्याशिवाय उतरता येत नाही. अमेरिकन केनेल क्लब 15 महिन्यांपासून परवानगी देतो. तुम्ही ज्या संस्थेच्या नियमांखाली उतरणार, तिचं नियमपुस्तक आधी वाचा. नियमातलं वय ही फक्त खालची मर्यादा आहे. त्या दिवशी कुत्रा तयार होतोच असं नाही.

या मर्यादेमागे शरीराचं कारण आहे. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या वाढपट्ट्या असतात, ग्रोथ प्लेट म्हणतात त्या. हाड तिथून वाढतं आणि वाढ पुरी झाली की पट्टी मिटून तिचं पक्कं हाड होतं. तोवर तो भाग आसपासच्या हाडापेक्षा आणि स्नायुबंधांपेक्षा कमकुवत असतो. तिथे इजा झाली तर पाय वाकडा वाढू शकतो किंवा आखूड राहू शकतो. लहान चणीच्या कुत्र्यांत या पट्ट्या लवकर मिटतात, मध्यम कुत्र्यांत साधारण वर्षाच्या पुढेमागे, आणि मोठ्या जातींत दीड वर्ष किंवा त्याहूनही जास्त लागतं. नसबंदी लवकर झाली असेल तर आणखी उशीर होतो, कारण पट्टी मिटण्याचा संकेत लैंगिक संप्रेरकांकडून येतो. तुमच्या भिंगरीसारख्या मिश्र जातीच्या कुत्रीत नुसत्या अंदाजावर जाऊ नका. व्हेटकडून एक्स-रे काढून घेतला की पट्ट्या मिटल्यात का ते दिसतं, आणि कमरेचे सांधेही त्याच वेळी बघून होतात.

तोवर काय करायचं? पुष्कळ आहे. सपाट जमिनीवर तुमच्या डाव्या-उजव्या बाजूने पळणं, बाजू बदलणं, विंगला (जंपच्या बाजूचा उभा खांब) वळसा घालणं. बार जमिनीवर ठेवून किंवा कुत्र्याच्या मनगटाच्या उंचीपर्यंतच ठेवून जंप. जमिनीवर ठेवलेली फळी. डळमळत्या पाटावर चारी पाय ठेवून उभं राहणं. पुढचे पाय खोक्यावर चढवून मागचे पाय त्याभोवती फिरवणं. हे शेवटचं फार मोलाचं आहे. आपल्याला मागचे दोन पाय आहेत आणि ते हवे तिथे ठेवता येतात, हे बऱ्याच कुत्र्यांना शिकवावंच लागतं, आणि पुढे डॉग वॉकवर तेच कामाला येतं.

वीव्ह पोल आणि पूर्ण उंचीची ए-फ्रेम (A आकारात टेकवलेल्या दोन उतरत्या फळ्या) मात्र मी शेवटी ठेवतो. वीव्हमध्ये कणा दर पावलाला एका बाजूकडून दुसरीकडे वळतो. ए-फ्रेमवर वेगाने येणाऱ्या कुत्र्याचा भार आधी चढावर आणि मग उतरताना खांद्या-मनगटांवर येतो.

निनाद77

थोडं वेगळं मत मांडतो. आमचा बोका (हो, कुत्र्याचंच नाव आहे) वर्षाचा असल्यापासून पूर्ण उंचीच्या जंप करतो आणि ठणठणीत आहे. घरात सोफ्यावरून, पलंगावरून दिवसभर उड्या चालूच असतात. मग जंपचीच एवढी धास्ती का?

डोंगरवाट

निनाद, रास्त शंका आहे. फरक तीन गोष्टींचा. सोफ्यावरची उडी कुत्रा स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या वेगाने मारतो आणि थकला की थांबतो. सरावात तीच उडी त्याच उंचीवर लागोपाठ होते, आणि खेळाच्या धुंदीत तरुण कुत्रा थकवा दाखवत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे वळण. कोर्सवर उडी सरळ रेषेत संपत नाही, उतरता उतरताच शरीर पुढच्या अडथळ्याकडे वळवावं लागतं. पुढचा एक पाय टेकलाय आणि अख्खं अंग त्याच्यावर पीळ देतंय, अशा क्षणी मनगट आणि खांद्यावर जो ताण येतो तो सोफ्यावरून उतरताना येत नाही. बोका ठणठणीत आहे याचा आनंदच आहे. पण अशी झीज बऱ्याचदा फार पुढे दिसते, म्हणून एकट्या कुत्र्यावरून निष्कर्ष काढवत नाही.

निनाद77

वळणाचा विचार केला नव्हता. एक्स-रे काढून घेतो.

मुक्ताई

सायली, मला तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर लिहायचंय, कारण माझ्या मते सगळं तिथेच आहे.

अनोळखी मैदानावर भिंगरी हुंगायला लागली याला लोक चुकारपणा म्हणतात, आणि गोल गोल पळाली त्याला मस्ती. मला या दोन्हींत बहुतेक वेळा ताण दिसतो. कुत्र्याला काय करायचं ते कळेनासं झालं, किंवा आजूबाजूचं झेपेनासं झालं, की तो ओळखीचं काहीतरी करायला लागतो. जमीन हुंगणं, अंग खाजवणं, जांभई देणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं ही सगळी त्याचीच रूपं. आणि ताण वाढला की पळणं. अंग खाली दाबलेलं, शेपूट आत किंवा ताठ, डोळे मोठे, कान मागे, आणि हाक ऐकूनही जवळ न येणं. खेळणाऱ्या कुत्र्याचं अंग सैल असतं, तो मधेच तुझ्याकडे बघतो, तुला बोलावतो. ती खूश दिसली नाही हे तुझ्या डोळ्यांनी बरोबर टिपलंय. त्यावर विश्वास ठेव.

आता हे का झालं. आपल्याला वाटतं कुत्र्याला जंप येते. त्याला येत असते ती या मैदानावरची, या वासातली, या ट्रेनरसमोरची, आणि तुझ्या खिशात खाऊ असतानाची जंप. यातलं एकेक बदललं की त्याला ती गोष्ट थोडी नवी होते. स्पर्धेत सगळं एकदम बदलतं. एफसीआयच्या धावेत हातात खाऊ नाही, खेळणं नाही. जज आत उभा, कडेला रिंगवाले, दुसऱ्या रिंगमधून भुंकणं, लाउडस्पीकर. आणि तूही बदललेली असतेस. हात गार पडलेले, श्वास उथळ, आवाज चढलेला. पिल्लूपणापासून तुझं अंग वाचत आलेल्या कुत्रीला हा सगळ्यात मोठा बदल असतो.

म्हणून अडथळ्यांचा सराव थोडा बाजूला ठेवून रिंगचाच सराव करायचा. मी तो असा बांधते. खाऊचा डबा रिंगबाहेर खुर्चीवर ठेवायचा, कुत्रीला दिसेल असा. मग दोघींनी आत जायचं, दोन पावलं एकत्र टाकायची, आणि तोंडाने खूण करून दोघींनी पळत डब्याकडे यायचं. इथून सुरुवात. खाऊ तुझ्या अंगावर नाही, तरी तुझ्याबरोबर काम केलं की तो मिळतोच, ही खात्री तिच्या मनात रुजायला हवी. मग एक जंप आणि डब्याकडे. मग टनेल, जंप आणि डब्याकडे. मग वेगळ्या मैदानावर पुन्हा एकदम पहिल्या पायरीपासून. नवीन जागी पायरी खाली उतरायची लाज वाटू देऊ नये, लोक तिथेच घाई करतात.

पट्टा सोडण्याची पद्धतही ठरलेली असू दे. रिंगच्या दारातून आत, स्टार्टजवळ बसवणं, पट्टा काढणं, श्वास घेणं, मग सुरुवात. दर वेळी तेच, त्याच क्रमाने. पट्टा काढल्यावर ती तुझ्याकडे बघत नसेल तर सुरू करू नकोस, पट्टा परत लावून बाहेर ये. रागावून नव्हे. आज इथे तिला जमत नाहीये, ही माहिती तुला तिने दिली एवढंच.

शेवंती

मुक्ताई, पट्टा काढल्यानंतरचं अगदी पटलं. आमचा कुत्रा दारातून आत जातानाच वर बघेनासा होतो, मी त्याकडे लक्षच देत नव्हते.

कवडसा

हा खेळ 1978 मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या शोमध्ये मधल्या वेळात प्रेक्षकांसाठी म्हणून दाखवला गेला, आणि त्याचा नमुना घोड्यांच्या शो जंपिंगवरून घेतलेला होता. म्हणून आपल्या डोक्यात पहिलं चित्र उडीचंच येतं. पण पहिल्या स्पर्धांत नवशिक्या जोड्यांचे गुण जातात ते बहुतेक दोघांमधल्या बोलण्यात. हँडलर (कुत्र्याबरोबर धावणारा माणूस) उशिरा वळतो, खांदा चुकीच्या अडथळ्याकडे असतो, आणि कुत्रा अगदी प्रामाणिकपणे तिकडे जातो.

कुत्रा तुमच्या शब्दाआधी तुमचे पाय, खांदे आणि धावण्याची दिशा वाचतो. म्हणून फ्रंट क्रॉस, रिअर क्रॉस आणि ब्लाइंड क्रॉस आधी कुत्र्याशिवाय करून बघा, एकट्याने, रिकाम्या जमिनीवर. फ्रंट क्रॉसमध्ये कुत्र्याकडे तोंड ठेवून वळायचं, ब्लाइंडमध्ये त्याच्याकडे पाठ फिरवून पुढून बाजू बदलायची, रिअरमध्ये त्याला पुढे जाऊ देऊन मागून. मनात विचार करत करत पाय टाकावे लागत असतील, तर कुत्र्यासमोर ते उशिराच पडणार.

आता कॉन्टॅक्ट. ए-फ्रेम, डॉग वॉक आणि सी-सॉ या तिन्हींच्या टोकांना वेगळ्या रंगाचा पट्टा असतो आणि उतरताना कुत्र्याचा पाय त्यात पडावाच लागतो, नाहीतर एफसीआयमध्ये 5 फॉल्ट (दंडाचे गुण). शिकवायच्या दोन वाटा. एक, मागचे दोन पाय फळीवर आणि पुढचे दोन जमिनीवर ठेवून थांबायचं. दुसरी, न थांबता पळत उतरायचं पण पाऊल पट्ट्यात पडेल अशी चाल घडवायची. दुसरीत वेळ वाचतो, पण ती घडवायला फार काळ आणि स्वतःची डॉग वॉक हाताशी लागते. पहिल्या कुत्र्याला थांबणारी पद्धत बरी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण बरोबर की चूक हे कुत्र्यालाही कळतं आणि तुम्हालाही.

पण एकदा ठरवलं की स्पर्धेतही तेच. सरावात थांबायचं आणि रिंगमध्ये घड्याळ चालू आहे म्हणून हाताने पुढे ओढायचं, असं दोन-चारदा झालं की कुत्र्याने थांबणं सोडलेलं असतं. कुत्रा हुशार आहे, रिंगमध्ये नियम वेगळा असतो हे त्याला आपणच शिकवतो. स्टार्टच्या बसण्याचंही हेच. तो उठला तरी तसंच धावायचं ठरवलंत, तर पुढच्या वेळी तो आधीच उठेल.

वीव्हबद्दल थोडंच. एफसीआयमध्ये 12 काठ्या असतात, 60 सेंमी अंतरावर, आणि पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याला ठेवून आत शिरायचं. अमेरिकन केनेल क्लबच्या नोव्हिस वर्गात सहा असतात. जाळी असतानाच जमतं म्हणजे अजून जमत नाही. तिला वाट जाळीने दाखवलीय, काठ्या अजून तिने वाचलेल्या नाहीत. दोन-दोन काठ्यांच्या जोड्यांनी प्रवेश शिकवा, वेगवेगळ्या कोनांतून. प्रवेश पक्का झाला की पुढचं तालात येतं.

सायली_म

सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्ताई, तुमचा प्रतिसाद वाचून त्या दिवसाचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. पळायच्या आधी तिने दोनदा ओठ चाटले होते आणि एकदा दाराकडे पाहिलं होतं. तेव्हा दिसलंच नाही.

या हंगामात नाव देत नाही हे नक्की. पण पुढे देईन तेव्हा कुठल्या वर्गात द्यावं? आणि आत गेल्यावर बिनसलं, बार पडला, वीव्ह चुकले, तर त्या क्षणी काय करायचं?

मुक्ताई

चांगलं ठरवलंस. वर्ग निवडताना कॉन्टॅक्ट नसलेला घे. एफसीआयमध्ये जंपिंगच्या धावेत कॉन्टॅक्टचे अडथळे नसतात, वीव्ह असू शकतात. नॅडॅक या अमेरिकन संस्थेच्या एका वर्गात तर फक्त टनेल असतात, तरुण कुत्र्यासाठी ते वरदानच. याशिवाय काही संस्था स्पर्धेबाहेरची धाव देतात. आधी सांगायचं, निकाल लागत नाही, आणि खेळणं घेऊन आत जाता येतं. यूकेआय या संस्थेत अशी सोय आहे. ती मिळत असेल तर पहिल्या सगळ्या धावा तशाच घे. ठरलेला वेळ आत मिळतो, दोन जंप आणि टनेल कर, आतच टगने (ओढाओढीच्या खेळण्याने) खेळ आणि बाहेर ये. वीस अडथळ्यांची पट्टी पुरी करायचं कोणाचंही तुझ्यावर कर्ज नाही.

बार पडला तर काही करू नकोस, पुढे धाव. त्याचे फॉल्ट लागतील ते लागू देत. बार पडल्यावर तू थबकलीस किंवा तोंडातून "अरे" निघालं, तर तिला ते उडीशी जोडता येत नाही, फक्त तू नाराज झालीस एवढं कळतं. आणि हळव्या कुत्र्या त्यानंतर सावकाश धावायला लागतात. वीव्ह चुकले तर एकदा शांतपणे परत घाल. पुन्हा चुकले तर सोडून दे आणि तिला हमखास येणाऱ्या टनेलकडे ने. रिफ्युजल (अडथळा नाकारणं) झाल्या, बाद झालीस, जज सांगेल ते कर, आणि हसत बाहेर जा. बाहेरचा डबा तिला मिळालाच पाहिजे, धाव कशीही झालेली असो. तो सौदा आपण तिच्याशी केलाय, त्यात गुणांचा संबंध नाही.

शेवंती

दिवस कसा घालवायचा तेही कोणी सांगा ना. धाव जेमतेम मिनिटाची आणि बाकी दिवस नुसती वाट बघण्यात जातो.

डोंगरवाट

तोच भाग तरुण कुत्र्याला जड जातो. क्रेटमध्ये (कुत्र्याच्या पिंजऱ्यात) झोपता येणं हे मी जंपइतकंच महत्त्वाचं शिक्षण मानतो. दिवसभर रिंगच्या कडेला उभा राहून दुसरे कुत्रे धावताना बघणारा कुत्रा स्वतःची पाळी येईपर्यंत संपलेला असतो. क्रेट रिंगपासून लांब, सावलीत, वरून झाकलेला. पाणी जवळ. गाडीत एकटं ठेवू नका, बंद गाडी बघता बघता तापते.

कोर्स वॉक (धावेआधी कोर्स चालून बघणं) कुत्र्याशिवाय असतो, तेव्हा तो क्रेटमध्येच. त्या वेळात अडथळ्यांचे नंबर पाठ करण्यापेक्षा तुम्ही कुठे उभे असाल आणि कुठे बाजू बदलाल ते पायांनी पक्कं करा. धावेआधी चालणं, मग हलकं दुडकं, दोन्ही बाजूंना वळसे, एक-दोन बुटक्या जंप. उभ्या कुत्र्याचे पाय धरून ताणू नका, स्नायू गरम होतात ते हालचालीने. धावेनंतर खाऊ, मग पुन्हा चालणं, श्वास खाली येईपर्यंत.

आणि पहिल्या दिवशी एक किंवा दोनच धावा. चारांना नाव दिलं असलं आणि पहिली छान झाली, तरी घरी जा.

कवडसा

आणखी एक. नाव न देताही स्पर्धेला जाता येतं. आयोजकांना बार लावायला, टनेल सरळ करायला माणसं हवीच असतात. एक दिवस रिंगमध्ये काम केलं की जज कशाला हात वर करतो ते जवळून दिसतं. भिंगरीला सांभाळणारं कोणी बरोबर असेल तर तीही रिंगपासून लांब, तिला झेपेल एवढ्या अंतरावर, थोडा वेळ बसू दे.

सायली_म

हे मस्त आहे, पुढच्याच स्पर्धेला मदतीसाठी नाव देते. अजून दोन शंका. ती सी-सॉच्या आवाजाला दचकते. आणि माजावर असताना स्पर्धा आली तर?

शेवंती

माजाबद्दल संस्थेगणिक नियम वेगळे आहेत. अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धेत माजावरची कुत्री उतरवता येत नाही, इतर काही ठिकाणी ती सर्वांत शेवटी धावते. नाव देण्याआधी आयोजकांना विचारा, पैसे परत मिळतात का तेही.

डोंगरवाट

सी-सॉचं सांगतो. आवाज आणि हालचाल या दोन भीती वेगळ्या असतात, त्या एकदम शिकवू नका. आवाजासाठी फळीचं टोक तुम्हीच हाताने धरून जमिनीवर हळूच आपटा, आवाज झाला की खाऊ. तिला मजा वाटायला लागली की तिलाच पंजाने टोक खाली दाबू द्या. आवाज स्वतः केला की त्याची भीती उरत नाही, हा माझा ठाम अनुभव आहे. हालचालीसाठी फळीच्या दोन्ही टोकांखाली उशा किंवा टेबल ठेवून ती दोन बोटं हलेल एवढीच मोकळीक द्या आणि मग उंची वाढवत जा. मधला टेकू स्पर्धेत 60 सेंमीवर असतो, तिथे पोचायची काहीच घाई नाही. फळी जमिनीला टेकायच्या आत उतरणं हा फॉल्टही आहे आणि धोकाही, म्हणून टोकापर्यंत जाऊन थांबायची सवय पहिल्यापासून लावा. घाबरून एकदा मधूनच उडी मारली तर त्या दिवशी सी-सॉ बंद, आणि पुढच्या वेळी पुन्हा उशा.

कवडसा

सायली, जाता जाता उंचीबद्दल. तू 43 सेंमीच्या आसपास लिहिलंयस, आणि एफसीआयमध्ये नेमकी तिथेच रेघ आहे. 35 पासून 43 च्या आतपर्यंत मीडियम, बार 35 ते 40 सेंमी. 43 पासून 48 च्या आत इंटरमीडिएट, बार 45 ते 50. ही इंटरमीडिएट श्रेणी 2023 पासून आली, त्यामुळे जुन्या माहितीवर जाऊ नकोस. अर्ध्या सेंटीमीटरने तिच्या आयुष्यभराच्या उड्यांची उंची ठरणार आहे, म्हणून मोजणी नीट व्हायला हवी. खांद्याच्या सर्वांत उंच बिंदूशी, सपाट कडक जमिनीवर, चारी पाय सरळ, मान नैसर्गिक. अनोळखी माणूस वरून पट्टी टेकवतो तेव्हा बरीच कुत्री अंग चोरतात किंवा ताठ होतात आणि आकडा बदलतो. घरी आतापासूनच पट्टीखाली सैल उभं राहायला शिकव, आधी तू टेकव, मग घरातलं दुसरं कोणी, मग वर्गातले लोक.